पदम हसून राह्यला, म्हणूनच भेव वाटते

मंडळी, सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालून राह्यली, म्हणून इथं लिहिते.

माहा धाकटा भाऊ पदम ऑटिस्टिक हाय. सहलीवाल्यांसोबत काठमांडूले गेला अन् पोटाच्या दुखण्यानं तिथंच दवाखान्यात भरती झाला. त्याले विमानानं घरी आणाले विम्यावाल्यांनी डॉक्टरबाई पाठवली. आज तिचा फोन आला.

"ताई, काळजी करू नका. ते सारखे हसतायत. स्ट्रेचर नको, साध्या सीटवर बसवून आणते."

मी फोनवरच ओरडली, "मॅडम, तो हसून राह्यला म्हणजे त्याले लय दुखून राह्यलं! आधी पोट तपासा!"

सत्तरच्या दशकात, आमच्या गावी कामरगावात, लहानगा पदम बैलगाडीवरून पडला. हात मोडला अन् हा खदाखदा हसत बसला. लोकं बी हसले. एकटी माय धावली.

दुपारी बाईचा मेसेज आला, "आतड्याला पीळ पडलाय. विमान रद्द, ऑपरेशनला घेतोय."

तवापासून फोन हातातच हाय, अजून वाजला नाही.

तुमच्या घरी असं कोणी असन, तर सांगा मले. मायनंतर त्याचं हसू मी ओळखलं. माह्यानंतर कोण ओळखन?