सगुणामावशीचा डावा गाल

सगुणामावशी गेल्याची तार अकोल्याला आली. झोपेतच गेली, म्हातारपणाने... रडू आलंच, पण मनात आलं, ज्या आजाराने तिला दहा-बारा वर्षांपूर्वीच न्यायचं ठरवलं होतं, त्याला ती पुरून उरली.

तेव्हा अमरावतीला राजापेठेतल्या तिच्या घरी मी राहायला गेले होते. मावशीच्या डाव्या गालावर, कानापुढे, एक फोड आला होता. काही केल्या बरा होईना. डॉक्टरांनी त्वचेचा कॅन्सर सांगितला आणि शस्त्रक्रिया करून तेवढा भाग काढून टाकला. जखम सुकली, घराने सुटकेचा निःश्वास टाकला. पण डॉक्टर म्हणाले, आत मुळं राहिली असतील, नागपूरला जाऊन क्ष-किरणांचे शेक घ्या. घर हबकलं. शेजारणी सांगू लागल्या, शेकाने डोळा जातो, मेंदू जळतो. बरं झालेलं माणूस पुन्हा कशाला जाळायचं, म्हणून काकांनी, मावशीच्या यजमानांनी, साफ नकार दिला. मावशी पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "जखम वरून भरली. आतमधी कोणी पाह्यलं? मले अजून जगाचं हाये. तुमी नाई आले तर मी कुसुमले घेऊन जाईन."

कुसुम म्हणजे मी. गेलो आम्ही दोघीच. इस्पितळात तिला अवजड यंत्राखाली निजवत आणि सगळे खोलीबाहेर पडत. आत ती एकटी. पहिल्या दिवशी भीतीपोटी ती जात्यावरच्या ओव्या म्हणू लागली, तर गाल हलतो म्हणून यंत्र चालवणाऱ्या माणसाने काचेबाहेरून दटावलं. मग मनातल्या मनात म्हणायची. पुढे गाल लाल झाला, सोलला, घास चावणं जड झालं... मी रडकुंडीला येऊन घरी परतू म्हटलं. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि पेजेचा वाडगा पुढे ओढला. एकही खाडा केला नाही.

परतलो तेव्हा अमरावतीजवळच्या बडनेऱ्याच्या फलाटावर काका उभे होते. तिच्या गालाकडे बघत राहिले. बायकोच्या हातातली पिशवी चारचौघांत स्वतः घेताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर दर तपासणीत गाल स्वच्छ निघाला.

तिच्या मुलाच्या लग्नात फोटोवाल्याने तिला तोंड जरा वळवायला सांगितलं, शेकाचा डाग दिसू नये म्हणून. "काहून? हाच गाल दिसू दे," ती म्हणाली, "याच्यासाठीच तं नागपूरले गेली होती."

तो फोटो राजापेठेतल्या पुढच्या खोलीत आहे. परवा गेले तर काका त्याच्याखालीच बसलेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला उठून तो पांढुरका डाग बोटाने दाखवत होते. "हे पाहा," म्हणत होते, "इथंच हरवलं तिनं त्याले."