खऱ्या पानांची वही

मुलगी दुसरीत होती. बाईंनी गृहपाठ दिला होता, पाच झाडांची पानं वहीत चिकटवून नावं लिहा. आमच्या बांधावर मोह आहे, पळस आहे. लेकीनं आजोबांच्या मागं फिरून पानं तोडली, पुस्तकाखाली दाबून वाळवली, नावंही स्वतः लिहिली. वही परत आली ती लाल फुली घेऊन.

मी शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "ताई, खऱ्या पानानं वही फुगते. साहेब तपासणीले आले का बरी नाई दिसत. दुकानात चित्राचा कागद मिळते, तो लावा."

तिथंच बोलायला हवं होतं. मी मुकाट दुकानात गेले, याचा राग अजून जात नाही. लेक कात्रीला हात लावेना, म्हणून चित्रं मीच कापली. तिची पानं मीच ओढून काढली.

या वेळी वहीत "छान" आलं. तिनं एका लाल, टोकदार पानावर बोट ठेवलं. खाली मीच कागदावरून उतरवलेलं नाव होतं, मेपल.

"आई, हे झाड कुठी असते?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना विचारलं. त्यांनाही आलं नाही.