आठ पॉइंट शून्य

माझी बायको पाण्याचे मीटर वाचते. सव्वीस वर्षं झाली. तिच्या भागात तिला मीटरबाई म्हणतात, आणि तिचं खरं नाव विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता यायचं नाही. सकाळी नऊला खांद्याला पिशवी लावायची, लोखंडी आकड्याने झाकण उचलायचं, गुडघे टेकायचे, काच पुसायची आणि काळे आकडे लिहायचे. मीटरवर शेवटी पॉइंटच्या पुढचे लाल आकडेही असतात, पण ते लिहायचे नसतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि ते हाडात मुरतं. मला एकशे एक पॉइंट नऊ ताप असला तरी ही डॉक्टरांना एकशे एक सांगते.

तिचे गुडघे गेले आहेत. दिवसातून दीडशे वेळा टेकले की कुणाचेही जातील. मी निवृत्त झाल्यापासून तिच्या मागे लागलो होतो की ऑफिसात बसून करायचं काम माग. तिने एकदाही माझं ऐकलं नाही.

मग ऑफिसात ॲप आलं. यापुढे वही बंद, मीटरचा फोटो काढायचा आणि आकडा फोनवर भरायचा. फोन मात्र ज्याचा त्याने आणायचा. तो चालण्यासारखा आहे की नाही हे आधी तपासणार, त्यासाठी एक अर्ज भरायचा. अँड्रॉइड आठ पॉइंट एक किंवा त्याच्या पुढचं हवं, ही मुख्य अट. ज्यांचा फोन या अटीत बसणार नाही त्यांची रवानगी तक्रार खोलीत. तक्रार खोली दुपारी एकला सुटते.

मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण मनात लाडू फुटले. गुडघ्यांचं मी सांगत होतो ते खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर दुपारी एकनंतर घर मला खायला उठतं. फोनवर अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळून खेळून किती खेळणार? बहुतेक जण हरायला लागले की निघून जातात.

निकाल लागला तेव्हा बावीसपैकी चौदा फोन नापास होते. ॲपच्या कंपनीचा इंजिनिअर चक्रावला. चौदापैकी तेरा फोन एकाच दुकानातले, एकाच कंपनीचे, कारण एकाने घेतला की बाकीचे त्याच दुकानात जातात. या फोनमध्ये आठ पॉइंट एक असतं हे त्याला ठाऊक होतं. अर्जावर मात्र सगळ्यांनी नुसतं आठ लिहिलं होतं. त्याने विचारलं तेव्हा सगळ्यात जुना मीटरवाला शांतपणे म्हणाला, पॉइंटच्या पुढचं आम्ही लिहीत नाही. इंजिनिअरने बराच वेळ त्या कागदांकडे बघितलं आणि उद्या पाचपर्यंत सगळ्यांनी अर्ज पुन्हा भरावेत असं सांगितलं. पाचनंतर यादी बंद, वर्षभर बदल नाही.

चौदावा फोन हिचा. लेकीने वापरून दिलेला, वेगळ्या कंपनीचा. संध्याकाळी तिने चष्मा लावून सेटिंग उघडली आणि फोन माझ्यासमोर धरला. आठ पॉइंट शून्य. अपडेट येतं का बघितलं, तर फोन म्हणाला की तो अगदी अद्ययावत आहे.

मी म्हणालो, शून्याच्या जागी एक लिहून टाक, कोण बघायला येतंय. हे मी का म्हणालो मला कळलं नाही. मला तर ती नापासच व्हायला हवी होती.

"न दिसलेला आकडा मी कधी लिहिला नाही," ती म्हणाली. "कुत्रं अंगावर आलं तेव्हासुद्धा नाही."

नवा फोन घेऊ, असंही मी अर्धवट म्हणालो. दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या बाईला नवा फोन कशाला, म्हणून तिने विषय संपवला. अर्जावर आठ पॉइंट शून्य लिहिलं आणि कोरी वही घेऊन बसली. तिच्या भागात जो नवीन येईल त्याच्यासाठी लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी ती वही वाचली. वाचू नये हे मला कळत होतं. निळ्या फाटकाचं झाकण उजवीकडून उचलणे, डावीकडे विंचू निघतो. शिंपीणबाईंना बिल वाढलंय हे दारात सांगू नये, सासू ऐकते, आत बोलावून सांगणे. चौदा नंबरच्या आजोबांना बेल ऐकू येत नाही, खिडकीतून हात हलवणे, ते दहापासून वाट बघतात. अशी अकरा पानं. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. शेवटच्या पानावर मात्र एका जागी शाई फुटली होती, आणि आमच्या घरात पावसाचं पाणी गळत नाही.

माझी मलाच लाज वाटली. मी चार वाजता शर्ट बदलला आणि ऑफिसात जाऊन माझा फोन टेबलावर ठेवला. अँड्रॉइड अकरा. इंजिनिअरने तो उलटसुलट करून बघितला, अंगणात नेऊन एका मीटरचा फोटो काढला आणि पास म्हणाला. सिमकार्डांची अदलाबदल केली असती तर फोन पुन्हा तपासावा लागला असता, आणि पाच वाजत आले होते. शेवटी ॲपसाठी अर्जात माझाच नंबर घातला. माझा फोन तिच्या पिशवीत गेला आणि तिचा, तिच्या नंबरासकट, माझ्या खिशात आला. परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना तिने माझं कोपर धरलं, आणि पलीकडे गेल्यावरही सोडलं नाही.

सोमवारी सकाळी तिचा फोन वाजला. पलीकडे एक बाई. मीटरबाई, कुठवर आलात, चहा टाकू का?

मी म्हणालो, मी तिचा नवरा बोलतोय.

मग ती बाई म्हणाली, "म्हणजे गुडघ्यांचं निमित्त करून त्यांना घरी बोलावणारे तुम्हीच का? एकटं करमत नाही म्हणे तुम्हाला."

ती पोचेल इतक्यात, एवढं सांगून मी फोन ठेवला.

संध्याकाळी ही गुडघ्यांना तेल लावत बसली होती. मी बाटली तिच्या हातातून घेतली आणि विचारलं, तुला हे कधीपासून ठाऊक होतं?

"तुम्ही निवृत्त झालात त्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गुडघ्यांची इतकी काळजी करत होतात," ती म्हणाली, "म्हटलं, करू दे."