बर्फातलं नालीचं पाणी

नालीच्या पाण्याला एवढ्या थाटात प्रवास करताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं. रिसोड-वाशिम एसटीत ती पोरगी माझ्या शेजारी थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. सारखी झाकण उचलून आतल्या बर्फात रोवलेल्या बाटलीला बोट लावी आणि घसरलेला चष्मा मनगटानं वर ढकली.

"कुल्फी हाय काय ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"नालीचं पाणी."

"बर्फात?" अख्खी गाडी मागे वळून बघू लागली.

तिनं कपाळावर हात मारला. आपण घेतलेल्या औषधांचा अंश गावाच्या सांडपाण्यात उरतो. तो सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, कोळशानं काढता येतो का, हे ती कॉलेजात तपासत होती. पोचेपर्यंत पाणी तापलं, की नमुना वाया.

"लेकरावानी जपून राह्यली नालीले!" मागून कोणीतरी म्हणालं. मी हसलो. तिनं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं खिडकीचा पडदा ओढला.

तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या आजींना उन्हानं भोवळ आली. पोरीनं डब्याकडे पाहिलं, दात-ओठ खाल्ले आणि सगळा बर्फ रुमालात बांधून आजींच्या कपाळावर ठेवला.

"नालीचा बर्फ कायले लावते व माय?" आजी डोळे उघडताच ओरडल्या.

"बर्फ चांगला हाय, आजी! पाणी नालीचं हाय!"

"सकाळीच बीपीची गोळी घेतली होती, तरी चक्कर आली पाह्य."

पोरीनं झाकण धाडकन लावलं. "तीच गोळी शोधाले उद्या मले पुन्हा तुमच्या नालीत उतरा लागते!"

आजींनी मायेनं तिचा हात धरला. "सापडली तं धुऊन आणजो, माय."