पत्र्यातली वाट

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकी सगळं सांगते. देवाला काय कळत नसेल होय? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती.

पिंपरीच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. मधल्या काळात गिऱ्हाईक सगळं मॉलकडं पळालं होतं, बाजार नुसता माश्या मारत बसला होता. मेट्रो आली आणि नूरच पालटला बघा. स्टेशनचा जिना उतरलं की समोर आमचीच ओळ. येणारेजाणारे म्हणतात, ताई, एवढ्या खोदकामात तुम्ही बऱ्या टिकलात! टिकले ना. कशी टिकले, ते कुणी विचारत नाही.

माझ्या शेजारच्या गाळ्यात सुमन होती. लातूरकडची, माझ्याहून लहान, ब्लाउज शिवायची. आणि शिवायची कशी — बाई एकदा तिच्याकडं गेली की दुसरीकडं माप द्यायची नाही. कापड माझ्याकडून, शिलाई तिच्याकडं, असं आमचं चालायचं. डबा एकत्र खायचो. मला ताप आला तेव्हा तिनं स्वतःचं मशीन बंद ठेवून माझं दुकान सांभाळलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याबद्दल तुमचा गैरसमज नको. मी चांगली बाई आहे असा.

मेट्रोच्या कामाचे पत्रे लागायचे होते. दुकानांपुढं उंच पत्रे, आणि पत्र्याच्या आत आमच्या दोघींच्या मधोमध गटारासाठी मोठा चर. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, दोन दुकानांत मिळून माणूस जाईल एवढी एकच वाट सोडता येईल, कुणापुढं ते तुम्ही ठरवा. ज्या दुकानापुढं वाट नाही, तिथं जायचं तर चरावरच्या फळीवरून. आता लेकरू कडेवर घेतलेली बाई फळीवरून जाईल का?

मीच म्हटलं होतं — सुमन, तुझ्यापुढं सोडू. तुझ्याकडं बाईला माप द्यायला यायचं, घालून बघायला यायचं. माझं काय, मी फळीवरून कापड देईन. ती एवढी खूश झाली! दुसऱ्या दिवशी आई आजारी म्हणून गावी गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही हाव ना ताई, मग मला कशाची काळजी?"

ती गेली आणि पत्रे मारायला माणसं आली.

काय झालं मला? घरात अडचण होती म्हणावं — नव्हती. नवऱ्यानं भरीला घातलं म्हणावं — त्याला तर पत्ताच नव्हता. भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्या आधीचं एक आहे. तिच्या दारात बायका थांबायच्या, हसायच्या, आणि माझ्याकडं यायच्या ते तिनं पाठवलं म्हणून. ते मला खुपायचं. कितीतरी दिवस खुपत होतं. डबा एकत्र खाताना पण.

सुपरवायझरनं विचारलं, शेजारच्या ताईंपुढं सोडायचीय ना वाट? मी म्हटलं, नको, ती आता गावीच राहणार आहे, दुकान बंद करतेय. माझ्यापुढं सोडा.

तो भला माणूस. म्हणाला, नक्की ना? नंतर बदलता येणार नाही.

मी म्हटलं, नक्की.

सुमन परत आली तेव्हा तिच्या दारापुढं आडवा पत्रा. तिनं तोंड उघडायच्या आत मीच सुरू झाले — मी किती भांडले गं त्यांच्याशी, घसा बसला माझा, ऐकायलाच तयार नाहीत मेले! ती पत्र्याकडं बघत राहिली. मग माझाच हात धरला. "जाऊ द्या वो ताई. माझ्यापायी तुम्ही कशाला वाईटपणा घेतला?" आणि मला रडू आलं. खरंखुरं. ते रडू बघून तिचा पक्का विश्वास बसला.

तो सुपरवायझर रोज समोरून जायचा. माझ्याकडं चहा प्यायचा. मी चुकीचं सांगितलं, एवढं एक वाक्य — तो बदलता येणार नाही म्हणाला होता, पण मी बोलून तर बघायचं होतं. बोललेच नाही. गिऱ्हाइकं तिची पाटी शोधत यायची, पत्रा बघून माझ्याकडं वळायची, आणि मी काय सांगायचे माहितेय? सुमनचं आता काही खरं नाही, पलीकडच्या टेलरकडं टाका.

पत्रे निघायच्या आधीच तिनं गाळा सोडला. चाकणच्या एका कंपनीत लागली, वायरी जोडायच्या कामावर. पहाटेची बस, उभ्यानं शिफ्ट. असले हात त्या बाईचे, आणि वायरी जोडतेय. मी तिला पोचवायला रिक्षापर्यंत गेले होते. मशीन एका बाजूनं मीच धरलं होतं.

गेल्या महिन्यात आली. भोसरीहून, मेट्रोनंच. लेकीचं लग्न ठरलंय, ब्लाउजपीस घ्यायला म्हणून दोघी आल्या. सुमन वाळलीय. पण हसणं तेच. बाजाराकडं बघून म्हणाली, "लई चांगलं झालं वो ताई, तुमची लाईन लागली." मग लेकीला पुढं ढकललं. "ह्या त्या ताई. आपल्या दुकानासाठी ह्या एकट्या भांडल्या होत्या. पड पाया."

पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, तुझ्या आईसाठी एवढंही करायचं नाही का?"