साडूंचे जंतू आणि मठ्ठ्याचं पिंप

माझ्या साडूंइतका घाबरट माणूस कऱ्हेच्या दोन्ही काठांना शोधून सापडायचा नाही. लोक सापाला भितात, साहेबाला भितात, गेलाबाजार बायकोला भितात. साडू फिनेलच्या बाटलीला भितात. बारामतीजवळच्या आमच्या गावात नदीकाठी सांडपाण्याचा प्लान्ट आहे, तिथे ते ऑपरेटर. गावभरच्या मोऱ्यांचं पाणी तिथल्या टाकीत येतं, टाकीतले जंतू त्यातली घाण खातात आणि निवळलेलं पाणी नदीत जातं. पण साडूंचा सगळा जीव त्या जंतूंत. लाईट गेली की हवेचे ब्लोअर बंद पडून ते गुदमरतील, ही भीती. दिवाळीत घरोघरी फरशा धुतल्या की मरतील, ही दुसरी. म्हणून सण आला की सगळ्या पाहुण्यांना फोन: "फिनेल बेतानं वापरा, टाकीत लेकरं हायत आपली." माझी मेव्हणी म्हणते, घरच्या लेकरांना ताप आला तेव्हा हे एवढे घाबरले नव्हते.

टाकीतलं गढूळ पाणी ते काचेच्या बरणीत घेतात आणि अर्धा तास त्याकडे बघत बसतात. गाळ खाली बसून वर पाणी निवळलं, की जंतू खुशाल. या सवयीपायी आमच्याकडे चहाचा ग्लाससुद्धा उजेडात धरून पार निवेपर्यंत न्याहाळतात. भीतीचं मूळ मात्र मला ठाऊक आहे. कऱ्हा पुढे नीरेला मिळते आणि नीराकाठी, इंदापूर तालुक्यात, त्यांच्या थोरल्या बहिणीची विहीर आहे. आई गेल्यावर त्यांना या अक्कांनीच वाढवलं. आपण सोडलेलं पाणी अक्कांच्या घागरीत जातं, असं त्यांच्या मनानं घेतलेलं.

माझ्या मुलीच्या लग्नात ते मांडवात न बसता मंगल कार्यालयामागच्या मोरीवर पहारा देत उभे राहिले. अक्षताही तिथूनच टाकल्या. त्या वाढप्यांच्या डोक्यावर पडल्या. शेवटी मेव्हणीनं त्यांना फोटोसाठी दंड धरून आणलं. तेवढ्यात आचाऱ्यानं उरलेल्या मठ्ठ्याचं भलंमोठं पिंप मोरीत उपडं केलं, वर फिनेलचे कॅन ओतले आणि मागची फरशी चकाचक करून टाकली. साडू परत येऊन बघतात तो मोरी पांढरीशुभ्र. एवढा मठ्ठा एकदम आला की जंतूंना अपचन, वर फिनेल म्हणजे विषच. ते फेट्यासकट प्लान्टकडे पळाले.

लेकीची पाठवणी करून मी मागोमाग गेलो, आणि तिथे माझं हसू मावळलं. टाकीवर कमरेएवढा फेस चढला होता, आंबूस कुजका वास सुटला होता. साडूंनी नदीकडचं दार बंद केलं होतं, पण गावाकडून येणारं पाणी काही थांबत नव्हतं. टाकी काठोकाठ भरेपर्यंत बरणी निवळली नाही, तर ते सगळं तसंच कऱ्हेत जाणार होतं. खाली गुरं पाण्यावर आली होती. साडूंनी इंदापूरकडे फोन लावला. "अक्का, दोन दिस इहिरीचं पानी भरू नगंस," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. बरणी गढूळ. पुढचीही गढूळ. रात्रभर तेच. पाण्याची अशी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती. सकाळी टाकी काठाला टेकली तेव्हा कुठे बरणीत वरचं बोटभर पाणी निवळलं, मग हळूहळू आणखी. साडूंनी दार उघडलं आणि फेटा सोडून त्यानंच तोंड पुसलं. घाम पुसला की डोळे, कुणास ठाऊक.

लग्नाच्या त्या फोटोत आम्ही सगळे हसतोय, साडू तेवढे मान वळवून मोरीकडे बघताहेत. गेल्या साली अक्का गेल्या. परवा साडू आले तेव्हा समजूत घालायची म्हणून मी म्हटलं, आता तरी निवांत व्हा, त्या विहिरीची काळजी सरली. ते बराच वेळ ग्लासातल्या चहाकडे बघत राहिले.

"इहीर हाय की अजून," म्हणाले. "आता अक्काची सून पानी भरती."

त्यांचा चहा केव्हाच गार झाला होता. मी दुसरा टाकायला सांगितला.