तिसरा खोकला

नाट्यगृहात पडदा ओढणाऱ्या मामांचे डोळे रंगमंचावर असत, पण कान प्रेक्षकांकडे. एकतीस वर्षांत त्यांचं एक गणित पक्कं झालं होतं. पहिला खोकला आला तर कुणाचा तरी घसा धरलाय, दुसरा आला तर हवा बदललीय, आणि तिसरा आला की नाटक लांबलंय.

नव्या नाटकाचा नायक शेवटचं निरोपाचं भाषण दर प्रयोगाला थोडं थोडं वाढवत होता. रविवारी दुपारच्या प्रयोगाला तो "आई, शेवटचं एकच सांगतो" असं चौथ्यांदा म्हणाला आणि तिसरा खोकला आला. मामांनी दोरी ओढली. नायकाचं तोंड उघडं असतानाच पडदा पडला.

नायक तरातरा विंगेत आला. "मालक, यांनी माझी अकरा वाक्यं गिळली! उद्यापासून इथे एक तर मी, नाहीतर हे!"

मालकांचा चेहरा पडला. नायकाच्या नावावर तिकिटं खपत होती. "मामा, माफी मागा. नाहीतर दोरी सोडा."

"मागतो की," मामा शांतपणे म्हणाले. "पण आधी टाळ्या थांबू द्या. माझं मलाच ऐकू येत नाहीये."

तेव्हा कुठे नायकाने कान दिला. बाहेर टाळ्यांचा नुसता कडकडाट चालला होता. या नाटकाला एवढ्या टाळ्या कधीच पडल्या नव्हत्या. तो घाईघाईने केस सारखे करत म्हणाला, "पडदा उघडा, मामा!"

माफीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही; मामांनी नायकाला आपलं खोकल्यांचं गणित तेवढं सांगितलं. पुढच्या प्रयोगाआधी मात्र नायक हळूच मामांच्या कानाशी लागला.

"मामा, तिसऱ्याची वाट कशाला बघता? दुसऱ्यालाच ओढा."